भोक केवढं, लाट केवढी

ग्वाल्हेरला हजिऱ्यात तानसेनाच्या समाधीला येणारी मंडळी बहुतेक ठरावीक गोष्टी करतात. माथा टेकतात, गोड गळ्यासाठी चिंचेचं पान चघळतात, आणि शेजारच्या सूफी संत मोहम्मद घौस यांच्या मकबऱ्याला एक चक्कर मारून रिक्षा बघायला लागतात. खरं थांबायचं ते त्या चकरेत. सोळाव्या शतकातली ही चौरस इमारत, आणि तिच्या भोवती कोरीव दगडी जाळ्या. ऊन तिरकं असताना आत उभं राहावं. फरशीवर जाळीची नक्षी उमटलेली असते, भोकाचा आकार ओळखू येईल इतकी स्पष्ट. त्याच वेळी जाळीपलीकडे कोणी गप्पा मारत बसलं असेल तर तेही ऐकू येतं, पण तो आवाज कुठल्या भोकातून आला हे काही सांगता येत नाही. उजेड भोकाचा आकार घेऊन आत येतो, आवाज तो बाहेरच ठेवून येतो. जाळी तीच, दगड तोच.

शाळेत आपण शिकलो की उजेड ही लाट आहे आणि आवाजही लाटच. दोन्हींना वेग असतो, वारंवारता असते, तरंगलांबी असते, दोन्ही परावर्तित होतात, वाकतात, पसरतात. यादी पाठ होते, मार्क मिळतात. मग दोन सख्ख्या बहिणी एकाच जाळीशी इतक्या वेगळ्या का वागतात, हा प्रश्न मात्र पेपरात येत नाही. उत्तर एका मापात आहे: लाट केवढी आणि वाटेत आलेली वस्तू केवढी.

माणसाच्या कानाला साधारण 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. 20 अंश तापमानाच्या हवेत आवाज सेकंदाला 343 मीटर जातो. वेगाला वारंवारतेने भागलं की तरंगलांबी निघते. म्हणजे ऐकू येणारी सर्वांत लांब लाट 17 मीटरची, कौलारू घर सहज गिळेल अशी, आणि सर्वांत आखूड 17 मिलिमीटरची. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर 140 हर्ट्झच्या आसपास धरला तर त्याची लाट अडीच मीटर लांब. उजेडाची लाट मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचीही नाही: जांभळ्याकडे 0.4 आणि तांबड्याकडे 0.7 मायक्रोमीटर.

आता जाळीचं एक भोक पाच सेंटिमीटरचं धरू. अडीच मीटरच्या लाटेपुढे ते पन्नासावा हिस्सा. उजेडाच्या लाटेपुढे तेच भोक एक लाख पट मोठं. लाटेहून भोक खूप मोठं असलं की लाट सरळ जाते आणि मागे सावलीची रेघ पडते. भोक लाटेएवढं किंवा तिच्याहून लहान असलं की पलीकडे गेलेली लाट चहूकडे पसरते, जणू ते भोकच बोलायला लागलं. याला पुस्तकात विवर्तन म्हणतात. बोलण्यातल्या सगळ्या लाटा मात्र अडीच मीटरच्या नसतात. ‘स’ आणि ‘श’ यांचा फुसफुसाट पाच ते आठ हजार हर्ट्झवर चालतो, म्हणजे लाट चार ते सात सेंटिमीटरची, भोकाच्या मापाची. त्यामुळे जाळी, झडप किंवा अर्धवट लोटलेलं दार मध्ये आलं की बोलणाऱ्याचा खर्ज पोचतो आणि ऊष्माक्षरं बोथट होतात. आतल्या खोलीतून कोणी बोललं की आवाज ओळखू येतो पण शब्द पुन्हा विचारावा लागतो, तो यामुळेच. दाराआडचं ऐकू येण्याचं सगळं श्रेय पुस्तकं या वाकण्याला देऊन टाकतात, ते काही बरोबर नाही. घरात बरंचसं काम भिंती करतात.

भिंतींचंही गणित मापाचंच. चुन्याची भिंत किंवा तासलेला वालुकाश्म हाताला खरखरीत लागतो. ती खरखर अर्ध्या-एक मिलिमीटरची. उजेडाच्या लाटेला हा डोंगराळ मुलूख, म्हणून तो दाही दिशांना विखुरतो, भिंत उजळते पण तिच्यात चेहरा दिसत नाही. अडीच मीटरच्या आवाजाला तीच भिंत म्हणजे घासूनपुसून लख्ख केलेला आरसा. किल्ल्यावर उंच, सपाट तटासमोर टाळी वाजवली तर तिचं प्रतिबिंब स्वच्छ परत येतं, फक्त आपण किमान 17 मीटर लांब उभं राहायला हवं. जाऊन येऊन 34 मीटर, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. त्याहून जवळ उभं राहिलं तर प्रतिध्वनी मूळ टाळीला चिकटतो आणि कान दोन्ही मिळून एकच आवाज समजतो. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो आणि गादी-पडदे आले की बसतो, यात ‘मोठी खोली म्हणून घुमली’ हे अर्धंच खरं. तिथे आरसे उघडे होते, ते झाकले गेले. खर्जाला मात्र पातळ पडद्याचं काही वाटत नाही. मीटर-मीटरच्या लाटा शोषायच्या तर शोषणारा थरही त्या मापाला साजेसा जाड लागतो.

जाळीच्या नक्षीकडे परत एकदा नीट पाहिलं तर कडा काही सुरीने कापल्यासारख्या नसतात. थोड्या धूसर असतात. ‘बघा, उजेडसुद्धा भोकातून वाकतोय’, असं इथे हमखास सांगितलं जातं. नाही. पाच सेंटिमीटरच्या भोकातून गेलेला उजेड वाकून वाकून दोन मीटरवर फार तर मिलिमीटरभर पसरेल, त्या धूसर कडेत डोळ्याला तो दिसणारही नाही. धूसरपणा येतो तो सूर्य ठिपका नसून थाळी असल्यामुळे. आकाशात त्या थाळीने अर्ध्या अंशाहून किंचित जास्त जागा व्यापलेली असते. हिशोब सोपा: भोकापासूनच्या अंतराला 108 ने भागा, तेवढी कड धूसर. दोन मीटरवर जवळपास दोन सेंटिमीटर. म्हणून फरशी जवळ असते तिथे नक्षी चोख, आणि ऊन लांबवर आत गेलं की तिचे कोपरे गोलसर होत जातात. पाच-साडेपाच मीटरवर धूसरपणा भोकाएवढाच होतो आणि मग चौकोन काय, षटकोन काय, सगळ्यांचे गोल डाग.

हे घरी करून बघण्यासारखं आहे. पोस्टकार्डाला भोक पाडा आणि उन्हात धरा, एक मीटरवर पांढरा कागद ठेवा. कागदावर साडेनऊ मिलिमीटरच्या आसपासचा गोल पडेल. ते सूर्याचं चित्र, भोकाचं नव्हे. भोक चौकोनी केलं तरी गोलच येईल. (सूर्याकडे भोकातून बघायचं नाही, कागदाकडे बघायचं.) भोक लहान करत गेलं की चित्र अधिक रेखीव होत जातं, आणि इथे बहुतेकांची चूक होते: ते सुईच्या टोकाने अगदी बारीक भोक पाडतात आणि चित्र आणखी पुसट का झालं म्हणून कार्डाला दोष देतात. एक मीटर अंतराला सव्वा ते दीड मिलिमीटरचं भोक सर्वांत चांगलं, म्हणजे सुई नको, दाभण घ्या. त्याहून बारीक भोकात दोन गोष्टी होतात, उजेड कमी येतो आणि लाट पसरायला लागते. भोक दशांश मिलिमीटरचं केलं तर नुसत्या वाकण्याने एक मीटरवर साडेपाच मिलिमीटर पसरण होते. उजेडाचं लाटपण पहिल्यांदा डोळ्यांना सापडतं ते इथे, दाभण आणि सुई यांच्या मध्ये कुठेतरी.

त्याच्याही खाली जायचं तर जुनी सीडी काढा. तिच्यावरच्या रेघा 1.6 मायक्रोमीटर अंतरावर असतात, उजेडाच्या लाटेच्या दोन-तीन पट. आवाजाला जाळी जशी, तशी उजेडाला ही सीडी. त्यामुळे इथे तो मनसोक्त वळतो: निळा सुमारे 16 अंश, तांबडा सुमारे 24. लांब लाट जास्त वळते, म्हणून रंग सुटे होतात. घरातल्या पांढऱ्या एलईडी दिव्याखाली सीडी तिरकी धरली तर निळी पट्टी झगझगीत, मग जरा अंधारी खाच, आणि मग हिरव्यापासून तांबड्यापर्यंतचा सलग पट्टा दिसतो. दिव्यातला मूळ चिप निळाच असतो, त्याच्यावरचा पिवळा लेप बाकीचे रंग पुरवतो. खाच ही त्या जोडकामाची शिवण. जय विलास महालातल्या दरबार हॉलमध्ये साडेतीन-साडेतीन टनांची दोन झुंबरं आहेत, त्यांच्या लोलकांत रंग सुटतात ते मात्र वेगळ्या कारणाने. काचेत शिरल्यावर उजेडाचा वेग पडतो, आणि जांभळ्याचा तांबड्याहून थोडा जास्त पडतो, म्हणून लोलकात जांभळा जास्त वळतो. सीडीत नेमकं उलट. रंगांचा क्रम बघून कोणतं यंत्र काम करतंय ते ओळखता येतं. (झुंबरं टांगण्याआधी छताची ताकद बघायला वर हत्ती चढवले होते म्हणतात. गाइड ही गोष्ट लोलकांपेक्षा जास्त रंगवून सांगतात.)

हवा ही दोघींची वाट, आणि ग्वाल्हेरची हवा टोकाची. मे-जूनमध्ये पारा 45 ला टेकतो, जानेवारीच्या पहाटे पाचावर येतो. आवाजाचा वेग तापमानावर ठरतो: पाच अंशांना सेकंदाला 334 मीटर, 45 अंशांना 357. दाबाने तो बदलत नाही. डोंगरावर हवा विरळ म्हणून आवाज सावकाश जातो असं पुष्कळांना वाटतं. सावकाश जातो खरा, पण तिथे थंडी असते म्हणून. उजेडही तापलेल्या हवेत किंचित जलद जातो, कारण ती विरळ होते, पण हा फरक लाखात तीन-चारचा. आवाजाचा फरक शंभरात सातचा.

आता नियम एकच: लाटेची एक बाजू जलद आणि दुसरी मंद पडली की लाट मंद बाजूकडे वळते. बैलजोडीतला एक बैल मंदावला की गाडी त्याच्या अंगाला वळते, तसंच. उन्हाळ्याच्या दुपारी जमीन तापलेली, तिच्यालगतची हवा सर्वांत गरम, वर जावं तशी थंड. मंद बाजू वरची. म्हणून दुपारी उजेड आणि आवाज दोघेही आकाशाकडे उचलले जातात. उजेड उचलला गेला की झाशी रोडच्या डांबरावर पाणी साचल्यासारखं दिसतं. ते पाणी म्हणजे आकाश: वरून तिरका आलेला किरण रस्त्यापाशी वळून डोळ्यांत येतो. फरक इतका बारीक की किरण रस्त्याला घासूनच यावा लागतो, जेमतेम तृतीयांश अंशात. डोळे दीड मीटर उंचीवर असतील आणि रस्त्यालगतची हवा वीसेक अंशांनी जास्त तापलेली असेल तर हे पाणी अडीचशे-तीनशे मीटरच्या अलीकडे दिसणारच नाही. आपण पुढे गेलो की ते पुढे सरकतं ते याच कोनामुळे. खाली वाकून बसलं तर ते जवळ येतं. रस्त्याच्या कडेला गाडी लावून करून बघायला हरकत नाही, मधोमध नको.

आवाज उचलला गेला की काय होतं हे दिसत नाही, म्हणून कोणी मनावर घेत नाही. दुपारी मैदानापलीकडून मारलेली हाक पोचत नाही, ती डोक्यावरून जाते. लांब क्षितिजावर वीज चमकते आणि गडगडाट येतच नाही, त्यातही हाच वाटा: वीस-पंचवीस किलोमीटरपलीकडचा गडगडाट वळून आपल्या वरून निघून जातो. (गडगडाट ऐकू आला तर अंतर काढायला सेकंदांना तीनने भागावं, किलोमीटर मिळतात.) हिवाळ्याच्या रात्री पट उलटतो. जमीन निवते, तिच्यालगतची हवा थंड आणि वरची उबदार. आता मंद बाजू खालची, वर निघालेला आवाज पुन्हा जमिनीवर उतरतो, आणि ग्वाल्हेरच्या लष्कर भागात रजईत पडल्या पडल्या स्टेशनवरच्या मालगाडीचे डबे एकमेकांवर आपटल्याचंही ऐकू येतं. लोक म्हणतात रात्री शांतता असते म्हणून. शांततेचा हात आहेच, पण ती एकटी एवढं करू शकत नाही.

त्याच रात्री धुकं पडलं की दोघींचं नशीब पुन्हा वेगळं होतं, आणि पुन्हा मापामुळेच. धुक्याचा थेंब साधारण दहा-वीस मायक्रोमीटरचा. उजेडाच्या लाटेच्या वीस-चाळीस पट मोठा. त्याच्यावर सगळे रंग सारखेच आपटून विखुरतात, म्हणून धुकं पांढरं. पिवळा दिवा धुकं चिरतो ही समजूत गॅरेजवाल्यांनी जपलेली आहे. थेंब लाटेहून इतका मोठा असताना पिवळ्याला निळ्याहून वेगळी सवलत मिळत नाही. फॉग लॅम्पचा खरा गुण रंगात नसून बसवण्यात आहे: तो खाली, बंपरपाशी असतो आणि झोत वरून कापलेला असतो, त्यामुळे उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत कमी येतो. म्हणूनच धुक्यात हाय बीम लावणारा स्वतःसमोर पांढरी भिंत बांधतो. आवाजाच्या मीटरभर लाटेला मात्र हे थेंब आहेत की नाहीत याचा पत्ताही नसतो. रेल्वेने हे फार पूर्वी ओळखलं. धुक्यात सिग्नल दिसणार नाही म्हणून त्याच्या बरंच अलीकडे रुळावर फटाके बसवायची पद्धत आहे, इंजिनाच्या चाकाखाली ते फुटतात आणि चालकाला सिग्नल जवळ आल्याचं कानाने कळतं. आकाशाचा निळा रंग याच हिशोबाचं दुसरं टोक. हवेचे रेणू उजेडाच्या लाटेहून फार लहान, तिथे आखूड लाट लांबीच्या चौथ्या घाताने जास्त विखुरते. 0.4 मायक्रोमीटरचा जांभळा 0.7 च्या तांबड्याहून नऊ पटींच्या वर. उदबत्तीचा ताजा धूर काळ्या पार्श्वभूमीवर निळसर दिसतो आणि कोंदून जुना झाला की पांढरा, कारण कण एकमेकांना चिकटून मोठे होतात.

रेल्वेचा विषय निघालाच आहे तर एक गमत. शिटी वाजवत गाडी ताशी 110 किलोमीटरने फलाटावरून न थांबता गेली, तर येतानाचा सूर आणि जातानाचा सूर यांचं प्रमाण 1.2 ला अगदी टेकतं. म्हणजे कोमल गंधारावरून षड्जावर उतरणं. गाडी वेगात असेल तर उतरण मोठी, सावकाश असेल तर नुसता रिषभ हलल्यासारखा. गाडीच्या दिव्याचाही रंग तत्त्वतः असाच उतरतो, पण उजेडाच्या वेगापुढे गाडीचा वेग कोटीत एक, त्यामुळे डोळ्याला काही होत नाही.

हे सगळं एका वस्तूत बघायचं असेल तर ती तंबोरा. ग्वाल्हेर घराण्याच्या गावात दुसरी कोणती असणार? चार तारा: पंचम, दोन जोड (षड्जाच्या) आणि खर्ज (त्याच्या खालच्या सप्तकातला षड्ज). पुरुषी काळी एकच्या पट्टीत जोड 138.6 हर्ट्झवर आणि खर्ज बरोबर निम्म्यावर, 69.3. तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो: लांबी, ताण आणि जाडी, म्हणजे दर मीटरचं वजन. लांबी दुप्पट तर सूर निम्मा, ताण चौपट तर सूर दुप्पट. ताण आणि सूर यांच्यात वर्गमूळ आहे म्हणून खुंटी पिळून खर्जाचा जोड होत नाही, तार तुटते. खर्जाला जाड पितळी तार घ्यावी लागते ती यासाठी. जोडीची पोलादी तार 0.3 मिलिमीटरची आणि वाजती लांबी 90 सेंटिमीटर धरली तर तिच्यावर साडेतीन किलो वजन टांगल्याइतका ताण असतो. ताणाने ती लांबीच्या हजारात जेमतेम अडीच भाग वाढलेली असते. हा आकडा लक्षात ठेवला की थंडीतला तंबोरा कळतो.

डिसेंबरात तानसेन समारोहाच्या वेळी संध्याकाळ ते मध्यरात्र पारा दहा अंश सहज उतरतो. पोलाद दर अंशाला लाखात सव्वा भाग आकसतं, दहा अंशांना दहा हजारात एक भागाच्या थोडं वर. ऐकायला क्षुल्लक. पण तारेची सगळी ओढच मुळात हजारात अडीच भागांची, तिच्यात एवढी भर म्हणजे ताण चार-पाच टक्क्यांनी चढला. लाकूडही थोडं आकसतं आणि काही सूट देतं. तरी सूर दीडएक टक्का वर जातो, 138.6 चा 141 च्या आसपास. इकडे बासरीत सूर तारेतून येत नाही, नळीतल्या हवेतून येतो. नळीची लांबी लाटेच्या निम्मी, ती काही बदलत नाही. पण हवा निवली की आवाजाचा वेग पावणेदोन टक्के पडतो आणि सूर तेवढाच उतरतो. एकाच मंचावर तंबोरा चढतोय आणि बासरी उतरतेय, मधलं अंतर काळी एक आणि पांढरी दोन यांच्यातल्या अंतराच्या निम्म्याला पोचतं. फुंक ऊबदार असते म्हणून वाजत असलेली बासरी सावरते. तबल्याच्या एकल ठेक्यात दहा मिनिटं बाजूला ठेवलेली बासरी मात्र हमखास बेसूर सापडते. ती शालीखाली ठेवतात ते नखरे म्हणून नव्हे.

जोड लावताना कानाने ऐकायचं ते सूर नव्हे, हेलकावे. एक तार 138.6 वर आणि दुसरी 139.6 वर असेल तर दोन्ही मिळून सेकंदाला एकदा फुगतात आणि बसतात. हेलकावा सावकाश होत होत थांबला की जोड मिळाली. तार नेहमी खालून वर आणावी. वरून खाली सोडली तर ती आटीवर (खुंट्यांकडची पट्टी) आणि घोडीवर (भोपळ्यावरची पट्टी, जिच्यावर तार टेकते) अडकते, मिळाली असं वाटतं आणि चार वेळा छेडली की सटकून उतरते. खुंटीने जवळपास आणायचं आणि शेवटचा केसभर फरक तारेत ओवलेल्या मण्याने साधायचा: मणी घोडीपासून लांब, खाली सरकवला की ताण वाढतो, घोडीकडे आणला की उतरतो. मणी सरकवून पुरे पडत नसेल तर मण्याशी झगडत बसू नये, खुंटीकडे जावं.

मग जवारी. घोडीची पाठ सपाट-गोलसर असते, तार तिच्यावर घासत घासत सुटते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवायचा, केसाएवढा मागेपुढे. एका जागी तार ठणठणीत, कोरडी. आणखी पुढे गेलं की खरखर. या दोन्हींच्या मध्ये एक जागा येते जिथे आवाज उमलतो. 1921 मध्ये चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी भारतीय तंतुवाद्यांवर लेख लिहिला, त्यात नेमका हाच मुद्दा होता. नियम असा की तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वराचा (मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा वरच्या सुरांपैकी एकाचा) स्थिर बिंदू असतो तो उपस्वर वाजत नाही. बरोबर मधोमध छेडली तर दुसरा, चौथा, सहावा गप्प राहायला हवेत. तंबोऱ्यात ते गप्प राहत नाहीत. तार घोडीच्या पाठीवर हलताना तिचा टेकण्याचा बिंदू सतत सरकतो आणि खालच्या उपस्वरांची ताकद वरच्यांना वाटत राहतो. खर्जाच्या तारेतून पाचवा उपस्वर असा वर येतो: 69.3 पाचपट म्हणजे 346.5 हर्ट्झ, आणि तोच गंधार. कोणी लावलेला नसतो, म्हणून त्याला स्वयंभू म्हणायचं.

इथे माप पुन्हा डोकं वर काढतं. खर्जाची हवेतली लाट पाच मीटरची आणि भोपळा हातभर. एवढ्या लहान वस्तूला एवढी मोठी लाट ढकलणं जमत नाही, म्हणून खर्जाचा मूळ सूर तंबोऱ्यातून फार क्षीण निघतो. तरी आपल्याला खर्ज ऐकू येतो, कारण 138.6, 207.9, 277.2 अशी ओळ लागली की त्यांच्यातल्या सारख्या अंतरावरून कान 69.3 स्वतःच भरून काढतो. मोबाइलवरच्या तंबोऱ्यात कानाला हे काम फारच करावं लागतं, बोटाच्या पेराएवढा तो स्पीकर. रियाझाला मोबाइल वापरायचाच तर निदान तळहाताहून मोठ्या स्पीकरला जोडावा. नुसता आवाज वाढवून खर्ज मिळत नाही, कर्कशपणा मिळतो.

एका बाबतीत मात्र माप कामाचं नाही. आवाजात हवा पुढेमागे हलते, लाट जाते त्याच दिशेत. उजेडाचं हलणं वाटेला आडवं असतं, आणि आडव्याला दिशा असू शकते: उभं किंवा पसरट. म्हणून उजेडाचं ध्रुवीकरण होतं, हवेतल्या आवाजाचं होऊ शकत नाही. हे बघायला मानमंदिरासारखी जागा नाही. राजा मानसिंह तोमर 1486 ते 1516 या काळातला, त्याच्या या महालाच्या बाहेरच्या भिंतींवर निळ्या, पिवळ्या, हिरव्या चकाकणाऱ्या फरशा आहेत, हंसांच्या रांगा, हत्ती, केळीची झाडं. चकाकी काचेची, म्हणून फरशी उजेडालाही आरसा. आकाशाचं प्रतिबिंब पडतं आणि निळा पांढुरका दिसतो. पोलरॉइड गॉगल लावून भिंतीच्या पायथ्याशी उभं राहून वर, 56 अंशांच्या आसपास बघावं. चमक गळून पडते आणि निळा एकदम गडद होतो. काचेवरून या कोनात परावर्तित झालेला उजेड एकाच दिशेत हलतो, आडवा, आणि गॉगल आडवाच अडवतो. पण तेच गॉगल लावून भिंतीच्या कडेने तिरकं बघितलं की काही घडत नाही, आणि मंडळी गॉगल नकली निघाला म्हणतात. नकली नाही. भिंत उभी आहे, बाजूने बघताना परावर्तित उजेडही उभा हलतो, आणि गॉगल उभ्याला वाट देतो. मान एका खांद्याकडे झुकवावी, चमक जाते. लोक बघतात, पण जाते.

शेवटी मोठ्या मैफलीतलं एक काम, ज्यात उजेड आणि आवाज एकमेकींना भेटावे लागतात. मंचापासून 60 मीटरवर मागच्या रांगांसाठी वेगळे स्पीकर लावतात. तारेतून आवाज तिथे तत्काळ पोचतो आणि मंचावरचा हवेतून 175 मिलिसेकंदांनी, म्हणून ते न सावरता लावले तर प्रत्येक तान दोनदा ऐकू येते. उपाय ठरलेला: मागच्या स्पीकरला दर 34 सेंटिमीटरला एक मिलिसेकंद या हिशोबाने उशीर द्यायचा, वर आणखी दहा-पंधरा, म्हणजे कान आवाज मंचाकडूनच आला असं धरतो. रात्री पारा दहा अंश उतरला तर या अंतराला तीन मिलिसेकंदांचा फरक पडतो, तो सोडून दिला तरी चालतो. पण मागेच मोठा एलईडी पडदा असला तर नवी अडचण. पडद्यावर गायकाचे ओठ आधी हलतात, सूर मागून येतो. आवाज चित्राच्या पुढे 45 मिलिसेकंद गेला तर माणसाला जाणवायला लागतं, मागे मात्र सव्वाशेपर्यंत राहिला तरी जाणवत नाही, कारण लांबच्या सगळ्याच गोष्टी आपण आधी बघतो आणि मग ऐकतो. इथले 175 आणि वर दिलेले पंधरा मिळून एकशे नव्वद, ते त्या सव्वाशेच्याही बाहेर. आवाज लवकर आणता येत नाही. म्हणून पडद्यालाच उशीर द्यायचा: सेकंदाला 25 फ्रेम असतील तर एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची, चार फ्रेम मागे घेतल्या की ओठ आणि सूर जमतात. पाचवी फ्रेम घेऊ नये. सूर ओठांच्या पुढे जायला लागतो.